‘किती दिले?’ असे विचारणाऱ्यांना

आमच्या सीमाभागात एखाद्या घरातले माणूस रविवारी प्रार्थनेला जाऊ लागले, की गल्लीत एकच प्रश्न फिरू लागतो : ‘किती दिले?’ कोणी तांदळाच्या पोत्याचा हिशेब सांगतो, कोणी मुलाच्या फीचा, कोणी दवाखान्याच्या बिलाचा. विचारणारा पदवीधर असो वा निरक्षर, घरी मराठी बोलणारा असो वा कन्नड, या प्रश्नावर सगळ्यांचे एकमत असते. पाटीवरच्या अक्षरांवरून वर्षानुवर्षे भांडणारे आपण या एका ठिकाणी मात्र एका सुरात बोलतो.

मला हा प्रश्न मान्य नाही. तो उद्धट आहे एवढ्यासाठी नव्हे. तो चुकीचा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तो सोयीचा आहे. ‘किती दिले?’ असे विचारले की ‘त्या माणसाला काय दुखत होते?’ हे विचारावे लागत नाही. आणि ते दुखत असताना आपण, म्हणजे त्याचे भाऊबंद, शेजारी, जातभाई, नेमके कुठे होतो, हा तिसरा प्रश्न तर जिभेवर येतच नाही.

पहिला दगड कुठून येणार हे ठाऊक असल्यामुळे माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. मी ख्रिस्ती नाही आणि होण्याचा विचारही नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. मराठी शिकवण्यात अठ्ठावीस वर्षे गेली, त्यांतली गेली काही मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. कोणाच्या धर्माचा प्रचार करण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. ज्या भाषेवर आपण पोट भरतो आणि अभिमानही बाळगतो, त्या भाषेत लिहून ठेवलेली साक्ष आपण दडपतो आहोत, एवढेच मला सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी नववीच्या एका मुलाने ‘माझे घर’ या विषयावर निबंध लिहिला. वडील अकस्मात गेल्यापासून आईला झोप लागत नव्हती. आता ती रविवारी गाणी म्हणायला जाते आणि रात्री झोपते, असे त्यात दोन ओळींत होते. वही शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरली आणि अपेक्षेप्रमाणे तो प्रश्न आलाच. त्या घराला काय मिळाले याची मी चौकशी केली. पोते नव्हते, फी नव्हती. त्या प्रार्थनामंडळीतली एक म्हातारी बाई रोज दिवेलागणीला येऊन तासभर त्यांच्या उंबऱ्याशी बसत असे. बहुधा गप्पच. तेराव्यानंतर त्या घरात आपणहून गेलेली ती एकटीच होती. गल्लीत पन्नास घरे, त्यांतली चाळीस मराठी. आता सांगा, आमिष कोणी दाखवले, आणि कोणी दाखवण्याची तसदीही घेतली नाही?

हे एका घराचे झाले. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, असे मीच मुलांना शिकवतो. म्हणून आपल्या ग्रंथसंग्रहाकडे वळतो. तिथली उदाहरणे छापील आहेत आणि ती नाकारायची सोय नाही.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ‘यमुनापर्यटन’चे नाव आपण स्पर्धा परीक्षांसाठी पाठ करून घेतो. १८५७ सालचे हे पुस्तक. लेखक बाबा पदमनजी, जन्म १८३१, गाव बेळगाव. म्हणजे आमच्याच मातीतला माणूस. १८५४ साली याच गावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८८ साली ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या मनाची सगळी घालमेल लिहून काढली. ‘यमुनापर्यटन’ ही विधवांच्या हालांची कथा आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्या हालांवर लेखक कोणते औषध सुचवतो हे मात्र शिकवताना गाळले जाते. रोगाचे वर्णन ठेवायचे आणि वैद्याने लिहून दिलेला कागद फाडायचा, अशी ही आपली वाचनाची रीत आहे. वैद्याशी मतभेद असू शकतो. पण त्याने काय लिहिले होते ते रोग्याच्या नातेवाइकांना कळायला नको का?

हीच कात्री आपण पंडिता रमाबाईंवर चालवली. त्यांचे ‘समाजसुधारक’ हे रूप पाठ्यपुस्तकात बसते, टपाल तिकिटावर बसते. त्यांची श्रद्धा मात्र आपल्याला कुठेच बसवता येत नाही. तेव्हा त्यांच्या आयुष्याचा पट एकदा ओळीने पाहू या.

जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, ज्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. तीर्थामागून तीर्थे करीत, पुराणे सांगत हे कुटुंब दक्षिणेत फिरत राहिले. १८७० नंतरच्या त्या भीषण दुष्काळाच्या वर्षांत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. तिघेही उपासमारीने खंगून गेले. उरलेली दोन भावंडे पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी जातीबाहेरचा विवाह झाला. १८८१ साली मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. मुलीला अजून वर्षही झाले नव्हते. बाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि माहेरचे व सासरचे म्हणावे असे त्यांना कोणी उरले नव्हते.

दुःखाला इथेच खळ पडला असे नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला वाँटेज येथील भगिनीमंडळाकडे शिकायला गेल्या, आणि सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथे आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

आता ‘किती दिले?’ हा प्रश्न इथे विचारून पाहा. पुण्यात १८८२ साली आर्य महिला समाज काढणाऱ्या, न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांचा पाठिंबा असणाऱ्या या विदुषीला बाप्तिस्म्याने काय मिळाले? मानाचे पान गेले. टाळ्या वाजवणारे हात आखडले. हितचिंतकांनी तोंडे फिरवली; ठामपणे बाजू घेणाऱ्या मोजक्यांत जोतीराव फुले होते, त्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून रमाबाईंचा कैवार घेतला. परत आल्यावर १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. १८९३ साली सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पडते म्हणून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, सल्लागार मंडळातल्या सुधारकांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालक मुली परत घेऊन गेले. ज्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी त्याच वर्षी पुनर्विवाह केला त्या याच सदनातल्या, हे आपण कौतुकाने सांगतो; सदन चालवणाऱ्या बाईच्या पदरात त्या वर्षी काय पडले ते सांगत नाही. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर रमाबाईंनी केलेला हा सौदा साफ तोट्याचा होता. तोट्याचा सौदा शहाणे माणूस करते, तेव्हा त्याला बाजारात न मिळणारे काहीतरी हवे असते.

काय हवे होते, ते रमाबाईंनी स्वतःच १९०७ साली आपल्या साक्षीत सांगितले आहे. धर्मशास्त्रे वाचताना त्यांना आढळले की इतर बाबतींत ग्रंथकारांचे मतभेद असले तरी स्त्रीजात वाईट आणि तिला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, याबद्दल सगळ्यांचे जुळते. पुढे लंडनजवळ फुलम येथे भगिनींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. ज्यांना समाज पतित म्हणून टाकून देतो अशा बायकांना तिथे मायेने वागवले जात होते. असे का, हे त्यांनी विचारले. उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्यापुढे आली. विहिरीवर भर दुपारी आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची ती बाई. आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी धर्मावर बोलणारा ख्रिस्त. रमाबाईंनी तिथे काय ओळखले, ते सांगायला पंडित लागत नाही. आयुष्यभर ज्याच्या दारात आपल्याला प्रवेश नाही असे ऐकले, तोच उन्हात विहिरीवर येऊन बसला होता.

इथे आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात, कारण त्या दोन्ही बाजूंच्या प्रचारकांना अडचणीच्या आहेत. पहिली : रमाबाईंनी बुद्धी गहाण टाकली नाही. ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला त्यांच्याशीच त्या पंथाच्या शिकवणीवरून पत्रांतून कडाडून भांडल्या. बायबलात जे मला सापडत नाही ते केवळ तुम्ही सांगता म्हणून मी मानणार नाही, हा त्यांचा बाणा होता. दुसरी : बाप्तिस्मा झाल्याबरोबर मन शांत झाले असे त्या म्हणत नाहीत. ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. खरी शांती त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली. दुखणे येते हत्तीच्या पावलांनी आणि जाते मुंगीच्या पावलांनी, असे आपल्या आज्या म्हणत. मनाच्या दुखण्याला हे दुप्पट लागू आहे.

ते दुखणे गेले हे कशावरून? याचा पुरावा मी साक्षीच्या शब्दांत शोधत नाही. तो १८९६-९७ च्या दुष्काळात आहे. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरू लागली तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व विधवांना शेकड्यांनी घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. वीस-बावीस वर्षांपूर्वी दुष्काळातच जिच्या डोळ्यांदेखत आई, वडील आणि बहीण मेली, ती बाई दुष्काळाच्याच तोंडात पुन्हा पाऊल ठेवते. ज्याची जखम ओली असते तो त्या वाटेला जात नाही. त्या नुसत्या आठवणीने त्याचे अंग चोरले जाते. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. १९२१ साली मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, तोवर हे काम हातचे सुटले नव्हते.

आता या श्रद्धेत असे काय आहे, की ज्याने घायाळ मनाला आधार मिळतो? माझ्या वाचनाप्रमाणे सांगतो.

आपल्या घरात मृत्यू झाला की सांत्वनाला येणारे काय बोलतात ते आठवा. ‘प्रारब्ध’, ‘मागच्या जन्मीचे देणे’, ‘तुमचा भोग’. बाई तरुण असेल तर ‘पांढऱ्या पायाची’ हे शब्द अजूनही दाराआड उच्चारले जातात. म्हणजे जो मेला त्याचे दुःख वर, आणि तो मेला याचा दोषही वर. बायबलातल्या ईयोबाच्या ग्रंथात हेच दृश्य आहे. मुलेबाळे, गुरेढोरे, आरोग्य, सगळे गमावलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. तिथपर्यंत त्यांचे सगळे बरोबर चालले होते. मग ते तोंड उघडतात आणि तुझ्याच पापाचे हे फळ, असा वाद घालू लागतात. ईयोब मात्र देवालाच जाब विचारतो, ओरडतो, जन्मदिवसाला शाप देतो. आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. ईयोबच माझ्याविषयी खरे बोलला, असा निवाडा देतो.

योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? ख्रिस्ताचे उत्तर : दोघांचेही नाही. लाजराच्या थडग्याशी तो स्वतः रडतो, आणि क्रुसावर देवाने आपल्याला का टाकले असा आक्रोश करतो. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे निव्वळ गाऱ्हाणी आहेत. ज्या माणसाला आजवर ‘रडू नकोस’ आणि ‘तुझेच कर्म’ एवढेच ऐकवले गेले, त्याला देवापुढे तक्रार करण्याची मुभा मिळते, दोषातून सुटका मिळते आणि आपल्या देवालाही हे ठाऊक आहे असा विश्वास मिळतो. त्यावर आठवड्यातून एकदा सोबत बसणारी, नाव घेऊन विचारपूस करणारी माणसे मिळतात. मुंगीच्या पावलांनी का होईना, मन याने बरे होऊ शकते. यात चमत्कार आहे की नाही ते ज्याने त्याने ठरवावे. फसवणूक नाही एवढे मी म्हणतो.

वाचकहो, आता दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडतो, नाहीतर हा लेख एकांगी होईल. ख्रिस्ती धर्माच्या नावाने जखमा झाल्या नाहीत का? झाल्या, आणि त्या आपल्या शेजारीच झाल्या. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले आणि मध्यंतरीची थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. १६८४ साली तिथल्या राज्यकर्त्यांनी लोकांच्या कोकणी बोलीवरच हुकूम काढला. त्याच गोव्यात १६१६ साली इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स याचे मराठी ओव्यांतले ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, हेही तितकेच खरे. एकाच धर्माच्या एका हातात चाबूक आणि दुसऱ्या हातात ओवी. चाबकाने कोणाचे मन वळले नाही. ओवी मात्र लोकांनी गायिली. माणूस हिशेब कोणत्याही भाषेत करील, नोकरीचा अर्ज राज्यकर्त्यांच्या भाषेत लिहील, पण रडतो तो आईच्या भाषेत. आपल्यासारख्या दुभाषी मुलखात राहणाऱ्यांना हे वेगळे शिकवायला नको.

आणि धर्मांतरानेच केलेली जखम? तिचे सर्वांत प्रामाणिक वर्णन मराठीत एका ख्रिस्ती बाईनेच केले आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचे आयुष्य उन्मळून पडले. चार-पाच वर्षे नवरा-बायको वेगळी राहिली. १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हे सगळे आहे, काहीही न लपवता. नवऱ्याने समजावले म्हणून त्या बदलल्या नाहीत. एकत्र राहू लागल्यावरही सोवळ्याओवळ्याची स्वतंत्र चूल त्यांनी सांभाळली, आणि माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे स्वतःच्या विचाराने पटले तेव्हाच ती मोडली. बाप्तिस्मा १९०० साली. आपण वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मुलांना हसवतो, भाषेचा साधेपणा फळ्यावर लिहितो. पण इतके सोसलेली बाई इतकी मोकळी हसते कशी, हा प्रश्न विचारत नाही. तिच्या मनातला कडवटपणा कोणी आणि कशाने धुतला, हे तिने सांगितलेले आहे. आपण ती पाने भराभर उलटतो.

आजच्या प्रचारकांशीही माझे भांडण आहे. ‘एका प्रार्थनेत नैराश्य जाईल’, ‘गोळ्या टाकून द्या’, ‘बरे वाटत नाही म्हणजे तुमचा विश्वास कमी’ असे मांडवातून ओरडून सांगणारे लोक ईयोबाच्या मित्रांचेच वारस आहेत. ‘मागच्या जन्मीचे पाप’ आणि ‘विश्वास कमी’ या दोन्हींत मला काडीचा फरक दिसत नाही. दोन्हींत आजाऱ्यालाच आरोपी केले जाते. ज्याला झोप नाही, अन्न जात नाही, जीव द्यावासा वाटतो, त्याला डॉक्टरकडे नेलेच पाहिजे. धारवाडला मनोविकारांसाठी सरकारी संस्था आहे, बंगलोरला निम्हान्स आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. प्रार्थना करणाऱ्याने गोळी घेऊ नये असे शुभवर्तमानात कुठे लिहिले आहे? ज्या चार शुभवर्तमानकारांची नावे घेतली जातात त्यांतला लूक हा परंपरेने वैद्य मानला जातो. आणि ज्या मंडळ्यांत अजूनही जात पाहून बसण्याच्या जागा आणि पुरण्याच्या जागा ठरतात, त्यांनी विहिरीवरच्या त्या बाईची कथा सांगण्याआधी स्वतःची विहीर तपासावी.

कायद्याचेही थोडे बोलतो. २०२२ साली कर्नाटकात धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा झाला. २०२३ साली तो रद्द करण्याचा निर्णय नव्या मंत्रिमंडळाने घेतला. दोन्ही वेळा चर्चा फिरली ती जबरदस्ती, फसवणूक आणि आमिष या तीन शब्दांभोवती. जबरदस्ती करणाऱ्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण दुःख हा शब्द कोणत्याही कलमात बसत नाही. विधवेच्या दाराशी तासभर गप्प बसणे हे आमिष आहे की नाही, ते कोणते न्यायालय ठरवणार? आणि ते आमिष असेल, तर ते दाखवायला आपल्याला कोणी बंदी केली होती?

काही वाचक म्हणतील, आपल्याकडे काय कमी होते? आपल्याकडे तुकोबा नाहीत का? आहेत, आणि माझा मुद्दाच तो आहे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर ते विठ्ठलाशी भांडले, रुसले, त्याला नाही नाही ते बोलले. त्यांना कोणी ‘प्रारब्ध’ सांगून गप्प केले असते तर गाथा झाली नसती. नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणून ठेवले आहे. म्हणजे देवाशी मन मोकळे करण्याची वाट त्यांना आपल्याच अंगणात सापडली होती. तो पूल आजही जागेवर आहे. आपण मात्र त्याच्यावर ध्वनिवर्धक लावले, वर्गणीच्या पावत्या ठेवल्या, आणि दुःखी माणसाला बसायला जागा ठेवली नाही.

ज्यांना आपले माणूस दुसरीकडे जाऊ नये असे मनापासून वाटते, त्यांच्या भावनेची मी टिंगल करणार नाही. सीमेवर राहणाऱ्याला माणसे गमावण्याची भीती असतेच. पण दारावर पहारा बसवून घर भरलेले राहत नाही. घरात दुखणाऱ्याचे ऐकून घेणारे कोणी असेल तर माणूस सहसा उठून जात नाही. आणि तरीही कोणाला दुसऱ्या दारात शांती मिळाली, तर ती त्याची आहे. तिच्यावर आपला हक्क नाही आणि तिचा हिशेब मागण्याचा अधिकारही नाही. तो घरी मराठीच बोलतो, मुलांना मराठी शाळेतच घालतो, दिवाळीला आपल्या दाराशी फराळाचे ताटही घेऊन येतो. त्याला परका ठरवून आपण मराठी माणसे वाढवतो आहोत की कमी करतो आहोत?

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझे सांगणे तीन गोष्टींचे आहे. बाबा पदमनजी, रमाबाई आणि लक्ष्मीबाई ही आपली माणसे आहेत. त्यांची पुस्तके पानेच्या पाने न गाळता वाचा, मग हवे तितके मतभेद मांडा. आजारी मनाला देवळात न्या, मशिदीत न्या वा चर्चमध्ये न्या, पण आधी डॉक्टरकडे न्या. आणि गल्लीत कोणाचे माणूस गेले, तर तेरावे झाल्यानंतर जा. पहिल्या तेरा दिवसांत गर्दी असतेच. चौदाव्या दिवशी संध्याकाळी जा, बसा, आणि ‘प्रारब्ध’ हा शब्द तोंडातून काढू नका.

एवढे करून झाल्यावरही ज्याला ‘किती दिले?’ असे विचारावेसे वाटेल त्याने खुशाल विचारावे. मात्र मग उत्तर ऐकण्याचीही तयारी ठेवावी, कारण बहुतेक वेळा उत्तर येईल : ‘रोजचा एक तास.’